भर पावसात आमचं सिमेंट वाचवणाऱ्यांचे आभार

देवरुखजवळ आमच्या नव्या घराचं काम चालू आहे. जांभ्याचे चिरे मे महिन्यातच उतरवून घेतले होते, कारण पावसाळ्यात चिरेखाणी बंद असतात. सिमेंटचं तसं नाही. कोकणातल्या दमट हवेत ते पोत्यातच गठ्ठा धरतं, त्यामुळे लागेल तसंच मागवावं लागतं.

जुलैत ट्रक आला आणि वाडीकडे वळतानाच लाल चिखलात रुतला. वरून सर कोसळू लागली. ट्रकवरची ताडपत्री एका कोपऱ्याला फाटलेली. आम्ही घरची माणसं तीन, आणि एकेक पोतं 50 किलोचं.

एसटीची वाट बघणारे तुम्ही न बोलावता धावत आलात. डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन पोती खांद्यावर घेतलीत. तुमच्यापैकी कोणाकोणाची गाडी समोरून निघून गेली, तरी कोणी हात सोडला नाही. लावणीवरून परतणाऱ्या ताईंनी स्वतः भिजत आपली प्लास्टिकची इरली फाटक्या कोपऱ्यावर धरली, हे तर मी जन्मभर विसरणार नाही. एका काकांनी आपला पडवीचा कोपरा रिकामा करून दिला, खाली फळ्या मांडल्या आणि बजावलं, "भिंतीला टेकवू नका हो, ओल धरेल."

एकही पोतं वाया गेलं नाही. त्या धांदलीत कोणाचं नाव विचारणं झालं नाही, साधा चहाही देता आला नाही. तुम्हा सगळ्यांचे अगदी मनापासून आभार. घरभरणीला नक्की या, आम्ही वाट बघू.