दिबांची विधिमंडळातली भाषणे ग्रंथरूपात यावीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईच्या विमानतळाला लोकनेते दि. बा. पाटील यांचे नाव मिळावे म्हणून २४ जून २०२१ रोजी सिडकोवर, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेवर, मोर्चा गेला, तेव्हा उरण-पनवेलची आगरी-कोळी-कराडी गावे रस्त्यावर उतरली होती. पुढच्या वर्षी राज्य विधिमंडळाने तसा ठरावही केला. त्या नावावर दिबांचाच हक्क आहे. मात्र या सगळ्या घोषणांत त्यांच्यातला वकील आणि आमदार मागे पडत चालला आहे. त्यासाठी हे पत्र.

जासईच्या शेतकरी घरात १९२६ साली जन्मलेले दिबा वकील झाले आणि १९५७ साली, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या धामधुमीत, शेतकरी कामगार पक्षातर्फे पनवेलमधून विधानसभेवर गेले. पाच वेळा आमदार, दोनदा खासदार, १९७२ नंतर विधानसभेत विरोधी पक्षनेते. उतारवयात ते शिवसेनेत गेले, तेव्हा लाल बावट्याच्या आमच्या घरांना ते फार लागले होते. तरी आधीच्या कामाचे मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

ते काम नीट समजून घ्यायचे तर १८९४ चा भूसंपादन कायदा उघडावा लागतो. त्या कायद्यात मोबदल्याचा भाव धरायचा तो कलम ४ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना निघाली त्या दिवसाचा. सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची भातशेती आणि मिठागरे नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. पैसे हाती पडेपर्यंत वर्षे उलटली, शेजारच्या जमिनीचे भाव चढत गेले, पण शेतकऱ्याचा भाव त्या जुन्या तारखेला खिळून राहिला. कायद्याच्या चौकटीत सरकार बरोबर होते, आणि शेतकरी देशोधडीला लागत होता. ही कोंडी दिबांनी वकिलाच्या नजरेने ओळखली. नुसता वाढीव भाव पुरणार नाही, शहर उभे राहिल्यावर त्या शहरात जमिनीच्या मूळ मालकालाही वाटा हवा, अशी मागणी पुढे आली.

त्यासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळ्या झेलून पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. (त्यातलेही पावणेचार टक्के सार्वजनिक सोयींसाठी कापून घेतले जातात, म्हणजे प्रत्यक्षात हाती पावणेनऊच टक्के येतात. आणि ते मिळवतानाही वारसांना सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.)

मी उरणमध्ये वकिली करतो. संपादनाची नोटीस घेऊन येणाऱ्या तरुणांना हुतात्म्यांचा दिवस माहीत असतो, पण हरकत किती दिवसांत घ्यायची हे माहीत नसते. दिबा सभागृहात कोणत्या मुद्द्यांवर भांडले, सरकारने काय उत्तर दिले, हे त्यांना वाचायला मिळाले पाहिजे. विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत छापील स्वरूपात आहेत. त्यांतून दिबांची भाषणे, प्रश्न आणि सूचना निवडून, तारखा आणि टिपांसह, विधिमंडळ सचिवालयाने एक खंड काढावा. खर्चाचा भार सिडकोने उचलावा. ज्या जमिनींवर ती संस्था उभी राहिली त्यांच्याच वादाचा हा दस्तऐवज आहे. प्रकल्पग्रस्त ९५ गावांच्या वाचनालयांत आणि उरण-पनवेलच्या न्यायालयांतल्या वकिलांच्या ग्रंथालयांत त्याच्या प्रती मोफत द्याव्यात. येत्या अधिवेशनात आमच्या आमदारांनी ही मागणी मांडावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, उरण (जि. रायगड)