फियाट अजून अंगणातच आहे, काका

ती. काका,
सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक आधी" म्हणता आणि विषय तिथेच मिटतो. तीनदा प्रयत्न करून पाहिला. संत्रा बर्फीचा डबा आणला तो गल्लीतल्या पोट्ट्यांत वाटून टाकला, पाकीट आणलं ते फाटकातूनच परत. म्हणून हे उघडं पत्र. नात तुम्हाला मोबाईलवर वाचून दाखवेल, आणि ज्यांच्या दारात वडिलांची एखादी गाडी ताडपत्रीखाली उभी आहे त्यांच्याही कामी येईल. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून तुमच्या ओसरीवर आरसी बुकांची रांग लागेल.

२०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. त्या महिन्यात नागपुरात कोणाच्या घरी काय चाललं होतं ते नव्याने सांगायला नको. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि अंगणातल्या फियाटचं काय करायचं हा प्रश्न पुढे आला. १९६७ ची अकराशे डिलाईट, दुधी रंगाची, गियर स्टिअरिंगपाशी. लोक हिलाही डुक्कर फियाट म्हणतात. खरं तर डुक्कर फियाट ही हिची थोरली, गोल पाठीची. भाऊ पुण्याहून म्हणाला, कागद संपलेत, काढून टाक. भंगारवाला आला, बॉनेटवर दोन टिचक्या मारल्या आणि वजनाचा भाव सांगितला. टेपरेकॉर्डर, पत्र्याचे डबे आणि बाबांची गाडी, सगळ्याला एकच काटा.

तुम्ही कुंपणापलीकडून विचारलंत, "काहून विकते व पोरी?"

मी म्हटलं, सरकारच विकायला लावतंय, पंधरा वर्षांवरच्या गाड्या बंद. तुम्ही हसला नाहीत. कालनिर्णयचं मागचं पान फाडलंत आणि त्यावर उभी रेघ मारलीत. एका बाजूला लिहिलंत: दिल्लीकडचा दहा वर्षांच्या डिझेल आणि पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या पट्ट्यापुरता. नागपुरात पंधरा वर्षं झाली की नोंदणी संपते, गाडी संपत नाही. पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, करून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवता येते. अर्ध्या गल्लीला हे माहीत नव्हतं. माझ्यासकट.

रेघेच्या दुसऱ्या बाजूला तुम्ही पुढच्याच महिन्यात लिहिलंत, कारण तो नियमच १५ जुलै २०२१ ला आला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात ठेवलेली, चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा मोटार व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्याने नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंतरच्या खेपेला ५,०००. पाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे 'व्हीए'. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मी लगेच म्हटलं, हेच करू, बाबांच्या गाडीला मान मिळेल. तेव्हा तुम्ही खालची ओळ वाचायला लावलीत: रोजच्या वापराला मनाई. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, नाहीतर पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. "म्हणजे तुझ्या आईला देवळात न्यायची तर देवळात प्रदर्शन पाहिजे." शेवटी ठरलं, फियाट साध्या नोंदणीतच ठेवायची. तो निर्णय माझा म्हणून सगळीकडे सांगते, पण तो तुमचा होता.

पुढचे आठ महिने कागदांचे. वारस म्हणून नाव लावायला ३१ नंबरचा फॉर्म, तोही तीन महिन्यांत. नोंदणी वाढवायला २५ नंबरचा. आरटीओत एका खिडकीवर सांगितलं, ही गाडी सिस्टिममध्येच नाही. अंगणात ५४ वर्षं उभी असलेली गाडी कुठेच नव्हती! मी रडकुंडीला येऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही सोबत आलात, आरसी बुकाची जुनी पानं, टॅक्सच्या पिवळ्या पडलेल्या पावत्या एका दोऱ्यात ओवून, तारखेप्रमाणे. भांडला नाहीत. फक्त म्हणालात, "बॅकलॉग एन्ट्री करावी लागेल साहेब, कागद लावून आणलेत." म्हणजे जुन्या गाडीची नोंद मागाहून सिस्टिममध्ये चढवणं. चार खेपा लागल्या, पण एन्ट्री झाली. तुम्ही आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केलीत, टेबलाच्या त्या बाजूला बसलेल्या माणसाला काय हवं असतं ते तुम्हाला ठाऊक. मला वाटायचं त्याला पैसे हवे असतात. तुमच्या मते त्याला आधी लावलेले कागद हवे असतात.

घाई कशाची होती ते ऑक्टोबरात कळलं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० होणार, आणि उशीर केला तर वर महिन्याला ५०० रुपये. तुम्ही आमच्या फ्रिजवर कागद चिकटवलात: "३१ मार्च". दहावीच्या परीक्षेलाही घरात इतकी धास्ती नव्हती.

मिस्त्रीने कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा-अर्धा आटा फिरवत कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांच्या खाली आणला तेव्हा तुम्ही पीयूसीवाल्याच्या स्टुलावर बसून होतात. छाप घ्यायला चेसिस नंबरावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासायचं कसं, तेही तुम्हीच दाखवलंत. आणि पासिंगच्या दिवशी, मार्चअखेरची दुपार, शंकरनगर चौकात सिग्नलला गाडी बंद पडली. मागे हॉर्नांचा कल्लोळ. मला वाटलं, संपलं. तुम्ही खाली उतरलात, डोक्याचा दुपट्टा सोडलात, माझ्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलंत आणि बॉनेटखाली इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर गुंडाळलात. उन्हाने नळीत पेट्रोलची वाफ धरली होती. पाच मिनिटांनी गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं. पुढे सबंध पासिंगभर तो दुपट्टा बॉनेटखालीच होता. पोहोचल्यावर तुम्ही उघड्या डोक्याने उन्हात उभे राहिलात, हे मला नंतर घरी आल्यावर आठवलं. फी ६०० लागली, वर थोडा दंड, आणि राज्याचा पर्यावरण कर पेट्रोल मोटारीला पाच वर्षांचे ३,०००. पावती आईने देवापुढे ठेवली.

इथवर झालं ते घरचं. पण ज्यासाठी हे पत्र उघड लिहितेय तो भाग २०२५ चा.

वर्षाच्या सुरुवातीला मसुदा निघाला: वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी पुन्हा दुप्पट, मोटारीला १०,०००, मोटारसायकलला २,०००, आयात केलेल्या मोटारीला ८०,०००. तोवर तुमच्या ओसरीवर रविवार सकाळचे आम्ही दहा-बारा जण जमायला लागलो होतो. कोणाची अँबेसेडर, कोणाची जीप, बुलेटवाले दोघे, तर्री पोहे मधोमध. सगळे तापलेले. एकाने लगेच निवेदन लिहून आणलं, "आमच्या पूर्वजांच्या घामाचा हा चाकांवरचा वारसा" अशी सुरुवात. तुम्ही चष्मा पुसला, पूर्ण वाचलंत आणि पहिली दीड पानं आडव्या रेघेने कापलीत.

तुमचा पहिला प्रश्न होता, "हे पाठवता कोणाले?" कोणालाच माहीत नव्हतं. तुम्ही समजावलंत की नोंदणीची फी केंद्राच्या नियमांतली, पर्यावरण कर राज्याचा. वाहनांवरचा कर राज्यघटनेच्या राज्यसूचीत ५७ व्या नोंदीत आहे, आणि मोटारींचा कायदा व कराची तत्त्वं समवर्ती सूचीत ३५ व्या. एकाच कागदावर दोन्ही मागण्या घातल्या की दोन्ही टेबलं म्हणणार, हे आमच्याकडचं नाही. म्हणून निवेदनं दोन. केंद्राचं मसुद्यावर दिलेल्या पत्त्यावर, मुदतीत. कारण मोटार वाहन कायद्याखालचा नियम आधी मसुदा म्हणून छापून लोकांच्या हरकती-सूचना घ्याव्या लागतात, आणि तेवढाच काळ आपल्या कागदाला दार उघडं असतं. कोणीतरी म्हणालं, रस्ते वाहतूक मंत्री आपल्याच शहराचे खासदार आहेत, थेट घरी नेऊन देऊ. तुम्ही म्हणालात, नेऊन द्या ना, पण आवक नंबर पडला पाहिजे.

मग मुद्दा. आम्ही करमाफी मागत होतो. तुम्ही तो शब्द खोडलात. माफी म्हटलं की पुढचा माणूस आधी तिजोरी मोजतो. त्याऐवजी तुम्ही सगळ्यांना गाडीतलं किलोमीटरचं रीडिंग लिहून आणायला लावलंत. बाबांची पेट्रोलची वही मी आणली. शेवटच्या धड वर्षात फियाट ४१२ किलोमीटर चालली होती. तेवढं एखादी टॅक्सी दोन-तीन दिवसांत चालते. तिथे मुद्दा सापडला: फी गाडीच्या वयावर आहे, वापरावर नाही. आणि दुसरा त्याला चिकटून: जुनी गाडी भंगारात दिल्याचं प्रमाणपत्र आणणाऱ्याला नव्या खाजगी गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यायची तरतूद केंद्राने केली, पण जो मूळ रूपात जपतो त्याच्यासाठी काय? मागणी छोटी ठेवलीत. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, वर्षाला ठरावीक किलोमीटरच्या आत चालणारी गाडी. तिला जुनी फी. आणि व्हिंटेज नोंदणीत महिन्यातून काही दिवस साध्या फेरफटक्याची मुभा.

जीपवाल्यांची मुलगी त्या दिवशी मधेच बोलली ते मला आवडलं होतं. तिला दमा आहे. ती म्हणाली, तुमच्या हौसेचा धूर आम्ही का घ्यायचा? सगळे गप्प. तुम्ही तिलाच पेन दिलंत आणि तिच्याकडून ओळ लिहून घेतलीत की सवलत घेणाऱ्या गाडीचं पीयूसी न चुकता दर सहा महिन्यांनी, आणि एकदा जरी चुकलं तर सवलत रद्द. बुलेटवाल्यांनी कुरकुर केली. ओळ राहिली.

परदेशाचे दाखले त्या दोघांनीच मोबाईलवर काढले होते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला रस्ता कर नाही. आधी ही सूट १९७३ च्या रेघेवर गोठवून ठेवलेली होती, म्हणजे त्यानंतर बनलेली गाडी कितीही म्हातारी झाली तरी बाहेरच. जुन्या गाड्यांचे लोक मागे लागून राहिले, आणि २०१४ च्या अर्थसंकल्पात चाळीस वर्षांची फिरती मुदत कायम झाली. जर्मनीत तीस वर्षांवरच्या जपलेल्या मोटारीला नंबराच्या शेवटी 'एच' मिळतो आणि वर्षाला १९१.७३ युरो ठोक कर. ब्रिटनच्या संसदेत दहा हजार सह्यांच्या अर्जाला सरकारचं लेखी उत्तर मिळतं, लाखावर गेला तर चर्चेसाठी विचारात घेतात. तुम्हाला यातलं एकच भावलं: तिथे कर शून्य असला तरी दरसाल तो 'भरल्याची' नोंद करावीच लागते. "शून्य रुपयाच्या पावतीले बी अर्ज! हे आपल्याले जमते." निवेदनात ब्रिटनला तुम्ही दोन ओळी दिल्यात, जर्मनीला एक.

सह्या झाल्या ४७. अधिवेशनाच्या वेळी गाड्यांचा मोर्चा काढू, यशवंत स्टेडियमवरून, असा एक उत्साही ठराव आला होता. तुम्ही एवढंच विचारलंत की मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला अडवल्यावर किती गाड्या पुन्हा सुरू होतील. ठराव बारगळला. राज्याचं निवेदन डिसेंबरात एका आमदारांच्या हाती दिलं, पोच घेतली.

केंद्राची अधिसूचना त्याआधी ऑगस्टमध्ये निघाली होतीच. १०,००० चे १०,०००. आमच्या निवेदनाला उत्तर नाही, पर्यावरण कराचंही अजून काही कळलं नाही. मी तुमच्याकडे आले तेव्हा फार चिडले होते. एवढ्या रविवारांचं काय झालं, असं काहीतरी बोललेही. त्याची माफी या पत्रातच मागते. तुम्ही आवक नंबराची पोच फाईलला लावलीत, दोरा बांधलात आणि फाईल माझ्या हातात दिलीत. "पुढचा मसुदा येईल तेव्हा पहिलं पान तयार आहे," म्हणालात.

फियाटची नोंदणी मार्च २०२७ ला संपते. १०,००० आणि जो असेल तो कर, बाजूला काढायला सुरुवात केली आहे. आणि परवा मागच्या गल्लीतले एक जण आले, वडिलांची स्टँडर्ड हेराल्ड घेऊन बसलेत, भंगारवाला घरी येऊन गेलाय. मी कालनिर्णयचं मागचं पान फाडलं आणि त्यावर उभी रेघ मारली. एक गोष्ट मला सांगता येईना, नोंदणी संपून अकरा वर्षं झालेली असली तर उशिराचे महिने कुठून मोजायचे. ते तुम्हाला विचारायचं आहे.

तुमची शिसपेन्सिल डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, परत देणार नाही. रविवारी सकाळी सहाला फाटकापाशी हॉर्न वाजवीन, फुटाळा तलावापर्यंत जाऊन येऊ. दुपट्टा घेऊन या.

तुमची,
कुंपणापलीकडची फियाटवाली