बिनमानधनी संचालक आणि वैयक्तिक रिटर्न

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राप्तिकराचे विवरणपत्र (रिटर्न) भरण्याची मुदत जवळ आली की शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या संचालकांमध्ये दरवर्षी एकच चर्चा सुरू होते: कंपनीकडून एक रुपयाही मानधन घेत नाही, तरी केवळ संचालक आहोत म्हणून स्वतःचे रिटर्न भरावे लागते का? कोणी सांगतो, डीआयएन (संचालक ओळख क्रमांक) घेतला म्हणजे भरावेच लागते, नाहीतर पद जाईल. कोणी सांगतो, शेतीच्या उत्पन्नावर करच नाही, तेव्हा प्रश्नच उरत नाही. तालुक्याच्या गावी कर सल्लागार म्हणून काम करताना ही दोन्ही उत्तरे सतत कानावर येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत, म्हणून हा पत्रप्रपंच.

प्राप्तिकर कायद्यानुसार कंपनीला, मग ती नफ्यात असो वा तोट्यात, दरवर्षी विवरणपत्र भरावेच लागते. व्यक्तीवर तसे सरसकट बंधन नाही, आणि ती व्यक्ती संचालक झाली म्हणून ते नव्याने लागूही होत नाही. करपात्र स्रोतांतून मिळणारे उत्पन्न वजावटी घेण्यापूर्वी मूळ करमुक्त मर्यादेच्या पुढे गेले, तर ती जबाबदारी सुरू होते. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ही मर्यादा चार लाख रुपये आहे. बारा लाखांपर्यंत कर लागत नाही हे खरे असले, तरी तो हिशेबाने निघालेला कर माफ करणाऱ्या सवलतीचा (रिबेट) परिणाम आहे. सहा लाखांचे करपात्र उत्पन्न असणाऱ्याचा कर शून्य निघेल, पण रिटर्न त्याला चुकणार नाही.

शेतीचे उत्पन्न या चार लाखांत धरले जात नाही. मात्र दुधाचा धंदा, कोंबडीपालन, ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टरचे भाडे, गाळ्याचे भाडे आणि ठेवींवरचे व्याज हे शेतीचे उत्पन्न नव्हे, आणि आमच्याकडच्या बहुतेक संचालकांच्या घरात यांपैकी काहीतरी असतेच. शिवाय उत्पन्न मर्यादेत असूनही रिटर्न सक्तीचे करणाऱ्या काही अटी आहेत: वर्षभरात बचत खात्यांत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक रक्कम जमा होणे, परदेश प्रवासावर दोन लाखांपेक्षा जास्त किंवा विजेवर एक लाखापेक्षा जास्त खर्च होणे, पंचवीस हजार किंवा अधिक टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून घ्यायचा कर) कापला जाणे (साठ वर्षांवरील व्यक्तीसाठी पन्नास हजार), वगैरे. मोठ्या द्राक्ष बागायतदाराला बचत खात्याची अट सहज लागू होऊ शकते, हे त्याच्या लक्षातही येत नाही.

खरा घोटाळा पुढे होतो. ज्याला रिटर्न भरावे लागते किंवा जो स्वखुशीने भरतो, तो संचालक असेल तर त्याला आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे रिटर्नचे सोपे फॉर्म वापरता येत नाहीत. आयटीआर-२ किंवा व्यवसाय असल्यास आयटीआर-३ भरून त्यात कंपनीचे नाव, पॅन आणि स्वतःचा डीआयएन द्यावा लागतो. मानधन घेतले की नाही, याला इथे काहीच महत्त्व नाही. ई-सेवा केंद्रात घाईघाईने आयटीआर-१ भरला जातो आणि काही महिन्यांनी ते सदोष असल्याची नोटीस येते, जिची दुरुस्ती साधारण पंधरा दिवसांत करायची असते. हीच अडचण शेअर बाजारात सूचिबद्ध नसलेल्या कंपनीचे समभाग (इक्विटी शेअर) बाळगणाऱ्यालाही आहे. उत्पादक कंपनीचे भागभांडवल समभागांचेच असते, त्यामुळे शेती असलेल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाने गावच्या कंपनीचे शंभर रुपयांचे शेअर घेतले, की निवृत्तिवेतनाचे साधे रिटर्नही त्याला आयटीआर-१ मध्ये भरता येत नाही.

सभा भत्त्याचे उदाहरण तर बोलकेच आहे. पगाराव्यतिरिक्त संचालकाला दिलेल्या शुल्कावर प्राप्तिकर कायद्यानुसार दहा टक्के टीडीएस कापावा लागतो आणि त्याला किमान रकमेची सूट नाही. मासिक सभेचे पाचशे रुपये ठरवले, तर पन्नास कापले जातात. वर्षाचे होतात सहाशे. ते परत मिळवायचे तर आयटीआर-२ भरणे आले आणि त्याची फी बहुधा सहाशेहून जास्तच असते. प्रवासाचा प्रत्यक्ष खर्च पावतीसह परत घेणे निराळे, ते उत्पन्न नव्हे. पण ठरावात ‘भत्ता’ लिहून मोकळे होणारे सचिव हा फरक करत नाहीत.

शहरांतल्या घरगुती प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची गोष्ट वेगळी आहे. किमान दोन संचालक लागतात म्हणून पत्नीचे किंवा आईचे नाव घातलेले असते आणि तिला मानधन नसते. पण तिच्याकडे दहा टक्के किंवा अधिक मताधिकाराचे शेअर असतील आणि कंपनीच्या खात्यातून तिला उसने पैसे दिले गेले, तर संचित नफ्याच्या मर्यादेपर्यंत ती रक्कम प्राप्तिकर कायद्यानुसार तिचा करपात्र लाभांश मानली जाऊ शकते. अशा वेळी ‘बिनमानधनी’ या शब्दावर विसंबणे महागात पडते.

पद जाण्याची भीती मात्र चुकीच्या जागी आहे. कंपनी कायद्याच्या कलम १६४(२) नुसार अपात्रता येते ती कंपनीने सलग तीन वर्षे ताळेबंद किंवा कंपनीचे वार्षिक विवरणपत्र कंपनी निबंधकांकडे दाखल न केल्यास, आणि ती पाच वर्षांची असते. २०१७ मध्ये देशभरात तीन लाखांहून अधिक संचालक अपात्र ठरले ते याच कारणाने. वैयक्तिक प्राप्तिकराचा त्याच्याशी संबंध नव्हता. डीआयएनचे केवायसी ही आणखी तिसरी बाब, जी मुदतीत न केल्यास पाच हजारांचे शुल्क पडते.

बँका कर्जासाठी संचालकांची तीन वर्षांची रिटर्न मागतात, म्हणून अनेक जण बंधन नसतानाही भरतात. त्यात गैर काही नाही. पण आकडा चांगला दिसावा म्हणून शेतीचे उत्पन्न फुगवून लिहिण्याची जी सवय पडली आहे, ती सल्लागारांनीच थांबवायला हवी. पाच लाखांपुढे शेती उत्पन्न दाखवले की जमिनीचा जिल्हा, क्षेत्र, बागायती की जिरायती हे सारे फॉर्ममध्ये द्यावे लागते, आणि सातबारा व बाजार समितीच्या पट्ट्या त्याच्याशी जुळल्या नाहीत तर उत्तर संचालकालाच द्यावे लागेल.

संचालकांवरचे फॉर्मचे बंधन कागदोपत्री कंपन्यांना आळा घालायला उपयोगी असेल, पण किमान पाच संचालक कायद्यानेच घ्याव्या लागणाऱ्या उत्पादक कंपनीत मानधन न घेणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून वगळण्यास हरकत नसावी. सभा भत्त्याच्या टीडीएसला वर्षाला काही हजारांची किमान मर्यादा ठेवावी, आणि या कंपन्यांच्या संचालकांना प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी वरील नियमांचे एक पानी मराठी टिपण संचालकपदाची संमती घेतानाच हाती द्यावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत संबंधितांना करतो.

आपला,
एक कर सल्लागार, सांगली जिल्हा