दगड तरंगला

शहीद द्वीप (नील), अंदमान
फेब्रुवारी

प्रिय बाळ्या,

दगड तरंगला! आधी हे सांगतो, मग बाकीचं. पाठीला डबा बांधून तू मला विहिरीत ढकलायचास आणि मी डब्यासकट बोंबलत पायरीला चिकटायचो ना, तोच मी काल पाऊण तास समुद्रात तोंड खुपसून पडलो होतो. साक्षीला ही होती, तेव्हा थाप समजू नकोस.

अंदमान म्हटल्यावर तू सेल्युलर जेलचं विचारणारच. पाहिलं. पण सावरकरांच्या कोठडीबद्दल दोन ओळींत उरकणं मला जमायचं नाही, त्याचं पत्र वेगळं. हे नीलचं. २०१८ मध्ये नाव शहीद द्वीप झालं, तरी बोटवाल्यांच्या तोंडी अजून नीलच. गावं मात्र बहुतेक रामायणातली: रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. शत्रुघ्नाला नेहमीप्रमाणे विसरलेत.

पहाटे ओहोटी होती म्हणून आधी लक्ष्मणपूरची दगडी कमान गाठली. इथे वस्तीला आलेल्या बंगाली लोकांनी तिला हावडा ब्रिज नाव ठेवलंय. पाणी ओसरल्याशिवाय तिथे नीट जाता येत नाही. कमानीपेक्षा मला वाटेतली डबकी आवडली. खडकांच्या खळग्यांत पाणी अडकलेलं आणि त्यात काळ्या समुद्रकाकड्या लोळत पडलेल्या. नावाला काकडी, पण आहे प्राणीच.

मग भरतपूर. मास्क चढवण्याआधी गाइड म्हणाला, "काँच पे थूको, साहब." मला वाटलं चेष्टा करतोय. पण थुंकी चोळून विसळली की काच धुरकट होत नाही म्हणे. ही म्हणाली, शी! आणि दहा मिनिटांत तिच्याच काचेवर धुकं. मी निमूटपणे थुंकलो होतो.

पहिल्यांदा तोंड बुडवल्यावर नाकाने श्वास घ्यायला गेलो, नळीतून खारट पाणी घशात. गाइडने शांतपणे सांगितलं, जोरात फुंकर मारा, पाणी नळीतून वर उडेल. उडालं. त्यानंतर खाली बघितलं आणि बाळ्या, तळ दिसत होता रे! माझी भीती पाण्याची नव्हतीच. विहिरीतल्या त्या हिरव्या काळोखाची होती, खाली काय आहे ते न दिसण्याची. इथे वाळूवर माझीच सावली पडलेली दिसत होती. हातपाय आपोआप सैल पडले.

आणि पाण्याखाली शांतता असते हे साफ खोटं. सारखा तडतड आवाज, फोडणीसारखा. तो कोळंबीच्या एका जातीच्या नांग्यांचा. मधूनच कुरुम-कुरुम ऐकू आलं तर पोपटमासा चोचीने प्रवाळ कुरतडतोय. न पचलेला चुरा तो वाळू म्हणून मागे टाकतो. किनाऱ्यावरच्या पांढऱ्या वाळूत त्याचा बराच वाटा आहे, हे ऐकल्यावर ही टॉवेलशिवाय बसेना. समुद्रफुलाच्या झुपक्यात नारिंगी विदूषक मासेही दिसले. त्यांच्यात घराची मालकीण मादी. ती मेली की तिचा नर स्वतःच मादी होतो. हिला हे फार आवडलं.

सगळंच रंगीत नव्हतं मात्र. बरंचसं प्रवाळ राखाडी, मोडलेलं. जिवंत प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, अन्न पुरवतं आणि रंगही देतं. पाणी काही आठवडे जास्त तापलं की ते शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडून उपाशी मरतं. २०१० मध्ये अंदमानात असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. उरलेल्याला आमच्यासारख्यांचे पाय. "पाँव नीचे मत रखना," गाइड दर दोन मिनिटांनी ओरडत होता, आणि तरी शेजारचे एक काका फोटोसाठी प्रवाळावर उभे राहिलेच. असा राग आला! पण तोंडात नळी असल्यावर भांडता येत नाही.

परत आल्यावर कळलं की पोटऱ्या मागून भाजल्यात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता, पायांचं डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी पुन्हा लक्ष्मणपूरला. साडेपाचला सूर्य बुडालासुद्धा! आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि हे बेट त्र्याण्णवच्या आसपास, म्हणजे सूर्य घड्याळाच्या चाळीसेक मिनिटं पुढे. चहा मागवेपर्यंत अंधार.

तुझ्यासाठी काय आणू हा प्रश्न होता. प्रवाळाचा तुकडा उचलणं वन्यजीव कायद्याने गुन्हा, म्हणून वाळूतला एक छानसा शंख नुसता बघायला हातात घेतला. तर त्याला पाय फुटले आणि तो मनगटावर चढला. आत खेकडा राहत होता. खाली ठेवला, तर घर घेऊन तुरुतुरु निघून गेला.

तेव्हा रिकाम्या हाताने येतोय. विहिरीवर भेटू. डबा आणू नकोस.

तुझा,
दगड