पावती

कोल्हापूर,
१६ जुलै २०१५

बाळ सायली,

काल न जेवता झोपलीस आणि आज अवाक्षर न बोलता क्लासला गेलीस. पावसानं चप्पल लाईन ओस पडलीय, म्हणून बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितोय.

बिंदू चौकात सगळ्या मैत्रिणींसमोर तुझ्या हातातनं नेपाळच्या भूकंपाच्या मदतीचा डबा ओढून घेतला, ते चुकलंच माझं. पण डबा तरी कसला? बिस्किटाचा. झाकणाला भोक, ना कुलूप, ना सील. त्या माणसानं १०० ची नोट टाकली आणि तुम्ही नुसतं "थँक्यू काका". पावती कुठं होती?

तू म्हणालीस, तिकडं पोरांना शाळा उरली नाही आणि तुम्हाला पावतीचं पडलंय. अगं, टीव्हीकडं तोंड असलं तरी ऐकलं होतं मी. भूकंप झाला तो २५ एप्रिल शनिवार होता, नेपाळात शाळांना शनिवारी सुट्टी, म्हणून वर्ग पडले तेव्हा आत पोरं नव्हती. रात्री झोपच लागली नाही. आपल्या पोरीला एवढं कळतं, याचं बरं वाटलं. काल तोंडातनं भलतंच निघालं.

एका वर्षी मंडळाची वर्गणी माझ्याकडं होती. शेवटी ७४० रुपये कमी भरले. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण मी तालमीत गेलो की बोलणं थांबायचं. पदरचे भरले, तर "बघा, म्हणजे ह्यानंच." अजून ती मिरवणूक दुकानासमोर आली की मी गल्ल्यात तोंड घालून बसतो. म्हणून सांगतो, कोणी किती दिले ते लिही. बाईंना विचार, कुठल्या खात्यात भरणार. आणि आपले १०० म्हणजे नेपाळचे १६०, तेव्हा वहीत कुठले रुपये ते लिही, नाहीतर उद्या कोणीतरी विचारेल वरचे ६०... परत सुरू झालं माझं. राहू दे.

माझी आज्जी वळिवड्याच्या कॅम्पात अंडी विकायला जायची. आपण कापडाला जातो ते गांधीनगर, तिथंच. १९४३ ते ४८, पाचेक हजार पोलिश माणसं होती, बायका-पोरंच जास्त, लढाईत घरदार गेलेली. आज्जी डझनामागं एक अंडं जादा द्यायची आणि घरी आजोबांना सांगायची, वाटेत फुटलं. तिचा हिशेब कधी जुळलाच नाही. तू तिच्यावर गेलीस वाटतं.

डबा कपाटात आहे. आईसमोर मोजले, चिल्लर धरून २,३६५ रुपये. दहाची एक नोट फाटकी होती, ती बदलून ठेवलीय. दुकानात येताना महाद्वारवरनं पावतीपुस्तक घेतलं. शाळेचा शिक्का आणि बाईंची सही घे. पहिली पावती माझ्या नावानं फाड, ५०० ची. पैसे संध्याकाळी दुकानात मिळतील, पावती आणलीस तर.

जेवून घे. आईनं तुझ्यासाठी अंडाकरी ठेवलीय.

तुझे पप्पा