लंडनची जुनी नाट्यगृहे: तिकिटाआधी इमारत पाहा

महोदय,

मुलांकडे चार-सहा महिने लंडनला राहायला जाणाऱ्या नाटकवेड्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. जायच्या आधीची तक्रार अशी की तिथे नाटक बघायचे म्हणजे शंभर-दीडशे पौंडांना फोडणी. पहिला प्रयोग बघून आल्यावरची अशी की स्वस्तातले तिकीट काढले आणि निम्मा रंगमंच दिसलाच नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे. आपण नाटक बघतो, तारीख बघतो, खिसा बघतो. नाट्यगृह बांधले कसे आहे ते बघत नाही. वेस्ट एंड म्हणजे मध्य लंडनमधला नाट्यगृहांचा भाग. तिथली बहुतेक नाट्यगृहे १८७० ते १९३० च्या दरम्यानची. तिथे तिकिटाचा दर इमारत ठरवते, आणि ती वाचता आली तर २५-३० पौंडांतही उत्तम प्रयोग बघता येतो.

मजल्यांची नावे आधी समजून घ्यावीत. खाली स्टॉल्स, त्यावर ड्रेस सर्कल किंवा रॉयल सर्कल, त्यावर अपर सर्कल आणि काही ठिकाणी त्याहीवर बाल्कनी. स्टॉल्स म्हणजे तळमजला असे मात्र गृहीत धरू नये. जागा अरुंद असल्यामुळे अनेक ठिकाणी जमीन खोदून स्टॉल्स रस्त्याच्या पातळीखाली नेलेले आहेत आणि रस्त्यावरून सरळ आत शिरले की माणूस ड्रेस सर्कलला पोहोचतो. पिकॅडिली सर्कसचे १८७४ चे क्रायटेरियन तर जवळजवळ सगळेच जमिनीखाली आहे. तिथे ‘वरच्या’ सर्कलला जायलाही जिने उतरावे लागतात, आणि सुरुवातीच्या काळात प्रेक्षकांसाठी आत हवा पंपाने सोडावी लागे! गुडघे दुखणाऱ्यांनी म्हणूनच मजल्याचे नाव विचारण्याऐवजी पायऱ्या किती आणि लिफ्ट आहे का, हे विचारावे. बहुतेक नाट्यगृहांचा त्यासाठी वेगळा ‘अॅक्सेस’ फोन क्रमांक असतो. चालायला त्रास असलेल्या प्रेक्षकाला आणि सोबत्याला तिथे सवलतीचे तिकीटही मिळू शकते, पण ते आपण होऊन विचारावे लागते.

आता खुर्चीविषयी. स्टॉल्सच्या मागच्या रांगांवर ड्रेस सर्कलचे छत येते आणि रंगमंचाचा वरचा भाग कापला जातो. दोन-चार पात्रांचे दिवाणखान्यातले नाटक असेल तर काही बिघडत नाही. नेपथ्य दुमजली असेल किंवा संगीतिकेत वरून काही खाली येणार असेल, तर हेच तिकीट महागात पडते. वरच्या मजल्यांवर पहिली रांग मोहात पाडते, पण नेमका तिच्याच डोळ्यांसमोर सुरक्षेचा कठडा येतो. पुढे वाकून बघावे, तर मागच्याला काही दिसत नाही आणि तो चिडतो. अपर सर्कलच्या मधल्या भागातली तिसरी-चौथी रांग आमच्या मते पैशाला सर्वांत जागते. घोड्याच्या नालासारख्या वळलेल्या सर्कलच्या टोकाला बसलात तर आपल्याच बाजूचा रंगमंचाचा कोपरा दिसत नाही. खांबांचा प्रश्न मुख्यतः जुन्या बांधणीचा. १८९१ च्या पॅलेस थिएटरसारख्या इमारतींत पोलादी तुळया एका टोकाला भिंतीत अडकवून सर्कल पुढे काढले गेले आणि मधल्या खांबांची गरज संपत गेली. १८१८ च्या ओल्ड व्हिकमध्ये मात्र अजून खांब आहेत, तिथे नकाशा बारकाईने बघावा.

खांब, कठडा किंवा छत आड येत असेल तर विकतानाच ‘रिस्ट्रिक्टेड व्ह्यू’ असे स्पष्ट सांगतात आणि दरही कमी लावतात. या शिक्क्याला बिचकू नये, नेमके काय आड येते ते विचारावे. कित्येकदा स्टॉल्सच्या पहिल्या रांगेचे तिकीटही स्वस्त असते. रंगमंच उंच असल्याने तिथून नटांची पावले दिसत नाहीत, पण चेहरा असा दिसतो की पावलांची आठवणही होत नाही. नृत्यप्रधान प्रयोगाला मात्र तिथे बसू नये.

त्याच दिवसाची सवलतीची तिकिटे लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएसच्या खिडकीवर मिळतात. काही नाटकांची ‘रश’ म्हणजे ऐनवेळची स्वस्त तिकिटे मोबाईल अॅपवर, सहसा सकाळी १० च्या सुमारास खुली होतात आणि मिनिटांत संपतात. आठवड्याच्या मधल्या वारचा दुपारचा प्रयोग ज्येष्ठांना सोयीचा, परतीची गाडीही उजेडात मिळते. वेळेच्या बाबतीत तिथे गय नाही. उशीर झाला तर योग्य जागी खंड पडेपर्यंत बाहेरच थांबवतात, प्रसंगी थेट मध्यंतरापर्यंत. मध्यंतर १५-२० मिनिटांचे. बटाटेवडा विसरा, आइस्क्रीमचा छोटा डबा मिळेल, आणि स्वच्छतागृहाची रांग मात्र चांगलीच लांब असेल. जून-जुलैत वरच्या मजल्यांवर चांगलेच उकडते. पूर्वी छताच्या घुमटाखाली गॅसचे मोठे दिवे असत आणि त्यांची आच कोंदट हवा वर ओढून बाहेर टाकत असे. दिवे गेले, उकाडा राहिला. कोट घरी ठेवावा, हातपंखा न्यावा.

शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाविषयी थोडे. आजची इमारत १९९७ ची, जुन्या पद्धतीने बांधलेली आणि गवताने शाकारलेली. मधल्या उघड्या अंगणात सुमारे ७०० प्रेक्षक उभे राहतात आणि ही तिकिटे ५ ते १० पौंडांपासून मिळतात. पण पूर्ण वेळ उभेच राहायचे, खाली बसू देत नाहीत, आणि पावसात प्रयोग चालू राहत असला तरी छत्री उघडता येत नाही. अंगभर रेनकोट न्यावा. पाठीचा त्रास असेल त्यांनी गॅलरीतले बाक घ्यावेत आणि भाड्याची गादी न चुकता घ्यावी. शेजारच्या सॅम वॅनामेकर प्लेहाऊसमध्ये (२०१४) मेणबत्त्यांच्या उजेडात प्रयोग होतात. बाके कठीण, जागा अडचणीची, पण हा अनुभव चुकवू नये.

इंग्रजी संवाद कानाला झेपत नाहीत म्हणून नाटक टाळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी ‘कॅप्शन्ड’ प्रयोग असतात. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी संवाद रंगमंचाजवळच्या पडद्यावर उमटतात. तिकीट कोणीही काढू शकतो, फक्त तो पडदा दिसेल अशी जागा मागून घ्यावी. नवे नाटक असेल तर छापील संहिता बऱ्याचदा तिथेच विकत मिळते.

या इमारती आपोआप टिकलेल्या नाहीत. १९ डिसेंबर २०१३ रोजी वेस्ट एंडमधल्या अपोलो थिएटरच्या छताचा गिलावा चालू प्रयोगात प्रेक्षकांवर कोसळला आणि ७० हून अधिक माणसे जखमी झाली. अशी नक्षीदार छते प्लास्टरमध्ये तागाचे कापड घालून केलेली असतात आणि वरच्या लाकडी सांगाड्याला तशाच प्लास्टर-तागाच्या गाठींनी टांगलेली असतात. शंभर वर्षांत त्या गाठी कुजल्या होत्या. खालून छत धडधाकट दिसते, दोष वर चढून पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून आता माळ्यावरून तपासणी होते, आणि बऱ्याच ठिकाणी तिकिटाच्या रकमेतच देखभालीपोटी एखाद-दोन पौंड धरलेले असतात. मध्यंतरात खाली येणारा लोखंडी पडदाही शोभेचा नाही. रंगमंचावरची आग प्रेक्षागृहात येऊ नये यासाठी तो असतो, आणि तो चालतो हे प्रत्येक प्रयोगाला प्रेक्षकांदेखत सिद्ध करावे लागते. १८८७ मध्ये इंग्लंडमधल्याच एक्झिटर शहरातल्या थिएटर रॉयलला लागलेल्या आगीत १८६ जण गेले, त्यांतले बहुतेक वरच्या गॅलरीतले होते. तो धडा या पडद्यामागे आहे.

आपल्याकडे शाहू महाराजांच्या काळात, १९१५ मध्ये उभे राहिलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. त्यानंतर आपल्या जुन्या नाट्यगृहांच्या छताची माळ्यावरून शेवटची तपासणी कधी झाली आणि रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये आग अडवणारे काय आहे, हे त्या-त्या महापालिकांनी दर्शनी फलकावर लावावे, अशी आमची मागणी आहे. निर्मात्यांना आणि ऑनलाइन तिकीट विकणाऱ्यांनाही एक विनंती. ज्या खुर्च्यांवरून खांब, कठडा किंवा विंगच दिसते, त्या नकाशात वेगळ्या रंगाने दाखवा आणि त्यांचा दर उतरवा. विद्यार्थी त्या आनंदाने घेतील.

आपले,
लंडनस्थित काही मराठी नाट्यप्रेमी