गिअर टाकताच टायर का किंचाळतात

संपादक महोदय,

वर्धा रोड, धरमपेठकडच्या पार्किंगमध्ये हल्ली पॉवरफुल ऑटोमॅटिक गाड्या गिअर टाकताच टायरचा 'चीं' आवाज काढून राहिल्या, आणि पोरं त्याला इंजिनची ताकद समजतात म्हणून हे लिहितोय. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधात टॉर्क कन्व्हर्टर असतो, त्यात तेल फिरतं आणि तेच ताकद पुढं ढकलतं, गाडी उभी असताना तर हा कन्व्हर्टर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, जवळपास दुप्पट करून देतो. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन मिनिटाला ७००-८०० फेरे (आरपीएम) घेत असताना, डी (पुढं जायचा गिअर) टाकला तर गाडी नुसती हळूच सरकते. पण न्यूट्रलमध्ये रेस देऊन आरपीएम चढवले आणि मग डी टाकला की गिअरबॉक्समधले क्लच एकदम पकडतात, फिरत्या इंजिनात साठलेली सगळी ऊर्जा एका झटक्यात चाकांवर येते, अन् टायरची पकड सुटते. बेसमेंटची फरशी गुळगुळीत असली तर थोड्या रेसवरही आवाज येतो. थंड इंजिन सुरू केल्या केल्या आरपीएम आपोआप जास्त राहतात, तेव्हाही झटका बसतो, त्यात ड्रायव्हरचा दोष नाही, पण आरपीएमचा काटा खाली येईपर्यंत थांबावं ना.

मुद्दाम करणाऱ्यांना मात्र सांगा की त्या आवाजात क्लच प्लेट जळतात, चाकांपर्यंत ताकद पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्ट आणि डिफरन्शियलला मार बसतो, गिअरबॉक्सचं काम तर फार महाग पडतं. आणि समोर लहान पोरगं असलं तर? पाय ब्रेकवर ठेवूनच गिअर टाकायला पाहिजे, हे ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी पहिल्याच दिवशी शिकवावं.

- एक वाचक, नागपूर